खर्च प्रतिवादीवर

३ डिसेंबर १९३१, उरण
हिरामणदादाचे वर्षश्राद्ध झाले. अकरा जण जेवले. दुपारी शेजारच्या मिठागरावर मुंबईच्या एका कारखान्याचा पाणी ओढायचा रहाट पाहिला. पायाने फिरवायचा, उलट्या पात्यांचा. हुबेहूब दादाचा! दादाने त्याचे पेटंट घेतलेले आहे. दावा लावणार.

९ डिसेंबर
अलिबागचे वकील म्हणाले, हरेल त्याच्यावर दोघांचा खर्च पडतो. म्हणजे आपल्याला फुकट. मिठागर गहाण टाकले, तात्पुरते. वहिनीने विचारले, भाऊजी, तेच जिंकले तर? वर्षभरात आज प्रथम हसलो.

२० जानेवारी १९३२
पेटंटच रद्द करा, असा कारखान्याचा उलटा अर्ज. त्यामुळे खटला मुंबईला, हायकोर्टात. बॅरिस्टर लागणार. कारखानदाराची कीव आली, त्याचाच खर्च वाढतोय. लाँचचे वरच्या वर्गाचे तिकीट काढले.

६ मार्च
वहिनी म्हणते, फिरवू दे की त्यांना. कुणी रहाट फिरवला की तुमच्या दादाला बरंच वाटायचं. बायकांना कायदा कळत नाही. आता दावा काढून घेतला तर त्यांचा आजवरचा खर्च मी द्यायचा. तेव्हा पुढेच जाणे स्वस्त.

११ जुलै
रहाट दादाचाच, हे शाबीत करायला शेजारच्या बाळाजीला साक्षीला नेणार. आपल्याकडे नवे अवजार नारळ फोडून आधी गावाला चालवायला देतात. पेटंटचा अर्ज करण्याआधी सबंध हंगाम गाव त्या रहाटावर होते. बाळाजीला म्हटले, हे जरूर सांग. वकिलांना मुद्दाम कळवले नाही. चकित होतील.

२ ऑगस्ट
बाळाजी फार छान बोलला. पेटंट काय ते मागून आलं, साहेब, आम्ही आधीच अख्खा हंगाम तुडवला, माझी म्हातारी बी चढलेली! कोर्ट हसले. समोरच्या बॅरिस्टरने उठून त्याचे आभार मानले. सभ्य माणूस. आमच्या बॅरिस्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. चकित झाले.

१९ ऑगस्ट
निकाल. अर्जाआधी गावभर उघड वापरलेली वस्तू नवी नव्हे. पेटंट रद्द. दोन्हीकडचा खर्च वादीवर. वादी मी.

३० सप्टेंबर
मिठागर गेले. वहिनी सकाळी पेणला भावाकडे गेली. निघताना एवढेच म्हणाली, जेवत जा, भाऊजी.
दिवाबत्तीच्या वेळी तांदूळ घेतले. एका माणसाला किती लागतात ते कळेना. दोन मुठी धुतले आणि चुलीवर ठेवले.