तिसरा परिच्छेद

८ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. (हे असंच लिहितात ना? अर्थ विचारू नकोस, पण फोटोत ही अक्षरं फार देखणी दिसतात.)

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. बातमी एवढीच की मी विमा कंपनीतली नोकरी सोडली. बाबा तीन दिवस माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांच्या वाटचंही आईच बोलते आहे. मी आता पूर्ण वेळ लाईफस्टाईल फोटोग्राफी करणार. म्हणजे खिडक्या, कपबश्या, चादरी आणि त्यांत निवांत जगणारी माणसं यांचे फोटो काढून आपल्या पेजवर टाकणार. पेजचं नाव ‘निवांत’. लोक धावपळीला कंटाळले आहेत, त्यांना कुणीतरी स्वस्थ बसलेलं बघायला आवडतं. ते बसण्याचं काम मी पत्करलं आहे.

त्यासाठीच हे पत्र. हाताने लिहिलेली पत्रं फोटोत गोड दिसतात, आणि आपल्या घरात सुंदर अक्षर फक्त तुझं. मला दर पंधरा दिवसांनी एक पत्र लिहिशील? सोबत सायीच्या रंगाचे जाड कागद पाठवते आहे. शाई निळी वापर. समास भरपूर सोड, तिथे मला वाळलेलं पान ठेवता येतं. फोन मात्र करू नकोस. एक तर मी शूटमध्ये असते, आणि फोनवर बोलून झालं की दाखवायला काही उरत नाही.

माया आहे तशीच राहू दे, आणि समासही.
तुझी ठकू


१९ जानेवारी

चि. ठकू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी पोस्टमनला पत्ता दोनदा वाचायला लावला. नोकरीत असताना वॉर्डातल्या कितीतरी पेशंटांची पत्रं मी लिहून दिली, पण मला स्वतःला पत्र येऊन वर्षं लोटली. तू मागितलंस याचा फार आनंद झाला, उगाच कशाला लपवू? आणि शि. सा. न. म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार. तो जमिनीवर आडवं पडून घालायचा असतो. तुझ्या नव्या धंद्यात आडवं पडणं आहेच, तेव्हा जमेल.

निवांत बसणं हे काम असतं हे वेळेवर कळलं असतं, तर मी छत्तीस वर्षं सिस्टर म्हणून खाटांच्या रांगांमधून पाय झिजवले नसते. रिटायर झाल्यापासून मी रोज बसूनच आहे, पण बघायला कुणी येत नाही. येते ती शेजारची शिंपीणबाई. तोंडात टाचण्या धरून बोलते म्हणून मी तिला टाचणी म्हणते. तिने माझ्या गाऊनला खिसा शिवला तो पाठीमागे. रुमाल काढायचा तर मला स्वतःभोवती गिरकी घ्यावी लागते. हे आपल्या दोघींतच ठेव.

बाकी ठीक. उजव्या डोळ्यापुढे हल्ली धुकं असतं. चष्मा पुसून पुसून काच झिजली, धुकं काही हटत नाही.

आठवण ठेवतेस तशी ठेव.
तुझी आत्या


३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

अगं, तुझ्या पत्राने धमाल केली! खिडकीपाशी पत्र, शेजारी कप, समासात पान. पेजवर नुसता बदामांचा पाऊस पडला. एका बाईने तर लिहिलं की अशी आत्या सगळ्यांना मिळो. मी कपातून वाफ यावी म्हणून मागे इस्त्री धरून उभी होते, हाताला चटका बसला, पण फोटो अस्सल आला.

काम मात्र खूप वाढलं आहे. परवा ‘काहीच न करण्याचा एक दिवस’ शूट केला. पहाटे साडेचारला उठले. अंथरूण विस्कटलेलं दिसावं म्हणून अकरा वेळा आवरलं आणि अकरा वेळा विस्कटलं. लोळून लोळून पाठ धरली आहे.

एक लहानशी सूचना. तुझ्या ओळी उतरत्या जातात आणि शेवटी शेवटी अक्षर मोठं होतं. चौकटीत नीट बसत नाही गं. जरा सरळ लिहिशील? आणि खाडाखोड नको.

तुझा जीव माझ्यात असू दे.
तुझी ठकू


१७ फेब्रुवारी

चि. ठकू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

टाचणीने माझ्याशी बोलणं सोडलं आहे. तिच्या सुनेने तुझ्या पेजवर माझं पत्र पाहिलं, बोटांनी मोठं केलं आणि सासूला खिशाची हकिगत मोठ्याने वाचून दाखवली. टाचणीने माझा दुसरा गाऊन अर्धवट शिवलेला परत पाठवला, एका बाहीचा. आपल्या दोघींतच ठेव असं लिहिलं होतं ते दिसलं नाही का तुला? असो. मी तिच्या दारात जाऊन माफी मागून आले. तिने दार उघडलं, पण टाचण्या तोंडातच ठेवल्या.

ओळी सरळ याव्यात म्हणून या खेपेला कागदाखाली जाड रेघांचा तक्ता ठेवून लिहिते आहे. एका पानाला तास लागतो. पण तुला हवं आहे तर लिहीन.

आता खरं ते सांगते. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आहे, बारा मार्चला सकाळी दहा वाजता, माझ्याच जुन्या हॉस्पिटलात. ज्या टेबलापाशी उभी राहून मी हजारो लोकांचे हात धरले आणि काही होत नाही असं सांगितलं, त्याच टेबलावर मला आडवं व्हायचं आहे. ठकू, मी घाबरले आहे. सिस्टरने असं म्हणू नये, पण म्हणते. काही होत नाही हे आम्ही सगळ्यांनाच सांगत असतो, त्यामुळे मला कुणी सांगितलं तर पटणार नाही. तुझ्या बाबांना ब्लडप्रेशर आहे, म्हणून त्यांना कळवलेलं नाही. आत जाईपर्यंत कुणीतरी हात धरायला हवं. तू येशील का?

कागद संपले, अजून पाठव. वाट पाहते.
तुझी आत्या


२७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काय सुंदर पत्र लिहिलंस! ओळी अगदी सरळ. वाचताना डोळे भरून आले. फोटो काढून झाला आहे, चार तारखेला टाकते.

आणि ऐक, मोठी बातमी! एका कपबश्यांच्या कंपनीने मला बोलावलं आहे. जाहिरातीचा विषय ‘आपल्या माणसांसाठी वेळ’. बारा मार्चला दिवसभर शूट. हे जमलं तर बाबांना तोंड दाखवता येईल. त्या दिवशी तू मनातल्या मनात माझा हात धर हं.

कागद पाठवते आहे.

अशीच भरभरून लिहीत राहा.
तुझी ठकू


२ मार्च

चि. ठकू हिस आशीर्वाद.

पत्र पोचलं. बारा तारखेला तुझं काम आहे हे समजलं. माझं पत्र वाचून तुझे डोळे भरले, आणि तरी तू काम निवडलंस. तुझ्या वयात मीही ड्यूटी सोडून कुठे गेले नसते, असं मी मनाला सांगते आहे. मनाला पटत नाही, पण पटेल.

टाचणीला विचारीन. ती आली तर टाचण्या बाहेर काढून ये असं सांगावं लागेल.

कपांचं काम चांगलं होवो.
आत्या


६ मार्च (कुरिअरने)

आत्या,

नमस्कार वगैरे राहू दे. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे.

परवा फोटो टाकला आणि तासाभरात कमेंट यायला लागल्या. एकीने विचारलं, बारा तारखेला आत्याबरोबर कोण जाणार आहे? दुसऱ्याने लिहिलं, माझाही उजवाच होता, घाबरू नका म्हणावं. एक रिटायर झालेला बसड्रायव्हर लिहितो, कुणीच नसेल तर मी येतो, हात धरायला शिकावं लागत नाही. मला काही समजेना. मग खाली कुणीतरी लिहिलं, ताई, तिसरा परिच्छेद वाचा.

मी तेव्हा वाचला. आत्या, खरं लिहिते. मी तुझं एकही पत्र वाचलं नव्हतं. पहिल्या दोन ओळी आणि शेवटची एक पाहायचे, प्रकाश बघायचे आणि कप ठेवायचे. डोळे भरून आले हे खोटं होतं, ते मी सगळ्यांनाच लिहिते. मला माझी लाज वाटते.

कंपनीलाही हे कळलं आहे. त्यांना फार आवडलं. शूट हॉस्पिटलातच करू म्हणतात. तुझा चेहरा दिसणार नाही, फक्त तुझा हात, माझा हात आणि बाजूला कप. तसं केलं तर मला येताही येईल आणि कामही राहील. चालेल का गं?

ठकू


९ मार्च

चि. ठकू हिस आशीर्वाद.

फोन मी मुद्दाम उचलला नाही. कागदावर बिघडलेलं कागदावरच निस्तरू.

तू वाचलं नव्हतंस हे कळल्यावर आधी राग आला, आणि मग बरं वाटलं. वाचून न येणारी भाची मला सोसत नव्हती. न वाचणारीला निदान वाचायला शिकवता येतं.

कपाचं म्हणशील, तर नाही. ऑपरेशनच्या दाराशी मी आजवर एकही कपबशी जाऊ दिलेली नाही, मोठ्या डॉक्टरांचीसुद्धा नाही. तुला हात दोन. एकात कॅमेरा असेल, तर दुसरा मी धरणार नाही. यायचं तर रिकामी ये. नाही आलीस तरी तू माझीच आहेस, पण मला वाईट वाटेल. फार वाईट वाटेल.

त्या बसड्रायव्हरला माझे आभार कळव.
तुझी आत्या


१४ एप्रिल

चि. ठकू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

महिना झाला, आता लिहायची परवानगी मिळाली. हे पत्र हॉस्पिटलच्या फॉर्मच्या पाठीवर, लाल पेनाने आणि खाडाखोड करून लिहिते आहे, म्हणजे तुला फोटोचा मोह होणार नाही. नव्या डोळ्याने पहिल्यांदा काय दिसलं असेल, तर माझ्या घरातली जळमटं. दुसरं दिसलं ते माझ्या बोटावर तुझ्या नखांचे व्रण. तू हात इतका आवळलास की ऑपरेशन कुणाचं आहे असं डॉक्टरांनी विचारलं होतं. मी काही होत नाही असं तुलाच सांगत आत गेले. त्या गडबडीत घाबरायचं राहून गेलं.

टाचणीने फोनवर तुझ्या कपवाल्यांची जाहिरात दाखवली. त्यांनी दुसरी आत्या आणली आहे. पट्टी बांधून, केसांत फूल खोचून, कप हातात घेऊन हसते आहे. ऑपरेशननंतर कुणी असं हसत नाही, आणि पट्टी तर भुवईवर होती. तुझं मोठं काम माझ्यामुळे गेलं, याचं मला वाईट वाटतं आणि आनंदही होतो, दोन्ही लिहून ठेवते. आता तू नळाच्या तोट्यांच्या कंपनीसाठी फोटो काढतेस असं तुझी आई म्हणाली. बाबा बोलायला लागले, कारण तोटी म्हणजे काय ते त्यांना समजतं.

डावा डोळा नऊ मेला, सकाळी दहा वाजता. हे मी मुद्दाम इथे लिहिते आहे.

टाचणीने गाऊनला दुसरी बाही लावून दिली. खिसा अजून पाठीमागेच आहे.

जीव लावून वाच, मग उत्तर नसलं तरी चालेल.
तुझी आत्या


८ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र चार वेळा वाचलं, तिसरा परिच्छेद सगळ्यात आधी. हे उत्तर पोस्टात टाकत नाही, तुझ्या हातातच देईन. कॅमेरा घरी ठेवला आहे. ओळी उतरत्या जात आहेत आणि अक्षर वेडंवाकडं येतं आहे, सांभाळून घे. बस फार हलते आहे.

तुझी ठकू