झाकण मिटलं तरी

॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥

युसूफ वडगाव
४ सप्टेंबर २०२३

चि. सौ. रुद्राणी हिस,
अ. उ. आ.

पत्र पाहून हसशील. घरात फोन असताना ताईला हे काय सुचलं, म्हणशील. पण आमच्याकडे रेंज येते ती दुकानाच्या गल्ल्यापाशी, आणि तिथं बोललेलं गिऱ्हाइकाच्या पिशवीत डाळीबरोबर घरोघर जातं. मागं तुला कंबर दुखते म्हणून सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत तीन घरांतून तेल आलं. म्हणून तूही लिहूनच कळव. तुझी पत्रं मी शेवयांच्या डब्यात ठेवीन. शेवया संपल्यात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तिथं कुणाचा हात जात नाही.

अंबाजोगाईचे इंजिनिअर बिभीषण सर आमच्या गोदामाचा नकाशा घेऊन आले होते. चहा देताना माझं लक्ष गेलं आणि बोलून गेले की हा जिना असाच बांधला तर पोतं घेऊन चढणाऱ्याचं डोकं तुळईला आपटेल. सर हसले, मग विचारलं की हे कुठं शिकलात. लग्नाआधीचं लातूरचं आय.टी.आय. सांगितलं, आणि दोन वर्षांपूर्वी केजच्या क्लासला जाऊन कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकले तेही. तेव्हा घरात सगळे हसले होते, आठवतं ना?

सरांनी एक घर दिलंय. माजलगावच्या एका बागायतदाराचं. दसऱ्याच्या मुहूर्तावर पाया खोदायचा आहे, म्हणून सगळे नकाशे आणि घर बाहेरून कसं दिसेल त्याचं थ्रीडी चित्र खंडेनवमीच्या संध्याकाळपर्यंत पोचलं पाहिजे. जमलं तर घरी बसून कायमचं काम. नाही तर ते दुसरा माणूस बघतील.

त्यासाठी लॅपटॉप हवा. मागताना माझे हात गार पडले गं. बावीस वर्षांत ह्या घरात मी स्वतःसाठी म्हणून मागितलेली ही पहिली वस्तू. हे लगेच हो म्हणाले. सासूबाई म्हणाल्या की घ्या, पण दसऱ्यापर्यंत काम लागलं न्हाई तर ती पेटी दुकानात बिलं करायला लावायची. ह्यांनी तेही लगेच मान्य केलं.

लाइट सकाळी सहा ते दहा असते, मग एकदम दिवेलागणीला. कोणता घेऊ, सांग. लवकर लिही.

मायेत खंड नको.
तुझी,
ताई

पुणे
१० सप्टेंबर २०२३

ति. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुरुस्तीच्या टेबलावर, तीन उघड्या लॅपटॉपांच्या मधोमध बसून वाचलं. डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं त्याचा लॅपटॉप वारला.

आता नीट ऐक. लॅपटॉप म्हणजे बैल. किती ओढतो ते बघायचं, तसं किती खातो तेही बघायचं. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एच असेल तर तो खादाड, यू असेल तर बेताचं खाणारा. तुला बेताचा चालेल. साधे नकाशे तो सहज काढेल. थ्रीडी चित्राला वेळ लागेल, पण वेळ तुझ्याकडे आहे, लाइट नाही. रॅम सोळा जीबी हवी, आणि ती एका पट्टीत नको, आठ-आठच्या दोन पट्ट्यांत असली तर काम जास्त भरभर होतं. बॅटरी किती तासांची हे दुकानदाराला विचारू नको, तो खोटं सांगतो. खोक्यावर वॉट-आवरचा आकडा असतो, तो वाच. रंगीत दिव्यांचे, खेळ खेळायचे लॅपटॉप दाखवतील, तिकडे बघूही नको.

आणि दाजींना एकट्याला दुकानात पाठवू नको. मला त्यांचा स्वभाव माहीत आहे.

तुझ्या थंड हातांना ऊब येवो.
तुझी लाडकी,
रुद्राणी

युसूफ वडगाव
१२ सप्टेंबर २०२३

चि. सौ. रुद्राणी हिस,
अ. उ. आ.

तुझं उत्तर अजून आलं नाही, आणि इकडे लॅपटॉप येऊन बसला. पोळ्याच्या बाजारासाठी हे अंबाजोगाईला गेलते, ते एकटेच दुकानात शिरले.

तुझ्या दाजींचा सगळा जन्म भुसार मालात गेला. हरभरा हातात घेतला की त्यातली ओल सांगतील. त्यांनी तिथंही तेच केलं. दुकानदारानं चार लॅपटॉप मांडले, ह्यांनी एकेक उचलून तळहातावर जोखला. सगळ्यात हलका होता त्याला म्हणाले की हा पोचट आहे, दाणा भरलेला नाही. सगळ्यात जड होता तो घेतला. घरी येऊन काट्यावर ठेवला. अडीच किलोच्या वर भरला, तेव्हा असे खूश झाले की शेजारच्या बंकटअण्णांना बोलावून पुन्हा मोजून दाखवला.

रुद्राणी, त्याला तांबडे-हिरवे दिवे आहेत. बटणांखाली नुसता उरूस भरतो. पंखा सुटला की सासूबाई गिरणी चालू झाली म्हणतात. आणि लाइट गेल्यावर एक तास वीस मिनिटांत विझतो. सासूबाई म्हणाल्या की ह्याला लई भूक हाय, हे आपल्या घरात टिकायचं न्हाई. त्या लॅपटॉपबद्दल म्हणाल्या ते बावीस वर्षांपूर्वी माझ्याबद्दलही कुणी म्हणालं असेल, असं उगीच मनात आलं.

ह्यांना काही बोलवेना. माझ्यासाठी किती हौसेनं ओझं वाहून आणलं.

पाकीट बंद करणार तोच सटवा पोस्टमन तुझं पत्र घेऊन आला. ह्यांना एकट्याला पाठवू नको, ही ओळ वाचून ओसरीवर एकटीच हसत बसले. खोक्यावरचे सगळे आकडे ह्या कागदाच्या मागं उतरवून दिलेत. आता काय करू?

तुझ्याच भरवशावर,
ताई

पुणे
१७ सप्टेंबर २०२३

ति. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दाजींना माझा नमस्कार-शरणार्थ सांग, आणि सांग की माल खरंच भरलेला आहे. खादाड आहे, पण वाया गेलेला नाही. ओढायची ताकद तुझ्या गरजेपेक्षा जास्त आहे, ती फक्त आवरायची. कंपनीनं तो असा लावून दिलाय की जणू रोज शर्यत आहे.

आधी तो उरूस बंद कर, बटणांखालचे दिवे. पडदा सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा ताजा होतो, नकाशाला त्याचा काय उपयोग? सेटिंगमध्ये जाऊन साठावर आण. उजेड निम्म्याखाली. ह्या लॅपटॉपमध्ये चित्रं काढणारे दोघं असतात, एक प्रोसेसरच्या पोटातला गरीब आणि एक वेगळा बसवलेला पैलवान. नकाशांचं काम गरिबाला दे, पैलवानाला झोपू दे. पॉवरच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभर टक्के असते, ती नव्व्याण्णव कर. एका टक्क्यानं काय होणार म्हणू नको. त्या एका टक्क्यावर त्याचं उधळणं बंद होतं. चालू होताना दहा प्रोग्रॅम आपोआप उठतात, त्यातले आठ बंद कर. त्यात रॅमची आठचीच एक पट्टी आहे, दुसरी सोबत पाठवते आहे, बिभीषण सरांच्या ऑफिसातल्या कुणाकडून बसवून घे.

एक मात्र पाळ. गादीवर, उशीवर ठेवू नको. तो खालून श्वास घेतो. गार फरशी सगळ्यात चांगली.

आणि लाइट असताना शंभर टक्के भरून घे. पुण्यातल्या लोकांना मी ऐंशीवर थांबा म्हणते, बॅटरी जास्त वर्षं टिकते. पण ऐंशीवर थांबणं ज्यांची लाइट जात नाही त्यांनी करावं.

धीर धर.
तुझी,
रुद्राणी

युसूफ वडगाव
३ ऑक्टोबर २०२३

चि. सौ. रुद्राणी हिस,
अ. उ. आ.

तू सांगितलंस तसं एकेक करत गेले. पहिल्या दिवशी अडीच तास चालला, चौथ्या दिवशी साडेचार. काल लाइट दहाला गेली आणि दुपारी तीनपर्यंत मी जिना, देवघर, न्हाणी सगळं काढून मोकळी झाले. पंखा इतका शांत की सासूबाईंनी विचारलं, मेलं का हे?

घरातही काहीतरी बदललंय. मी सवयीनं लॅपटॉप गादीवर ठेवते आणि भाकरी टाकून येते, तर तो कुणीतरी उचलून देवघराशेजारच्या शहाबादी फरशीवर ठेवलेला असतो. हेच असतील. विचारलं तर नुसतं हसतात, काहीच कळलं नसल्यासारखं करतात.

पण एक संकट आहे. तुला माहीत आहे, सासूबाईंना उघडं काही दिसू नये. दूध उघडं नको, पीठ उघडं नको, पोतं उघडं नको. येता-जाता त्या लॅपटॉपचं झाकण मिटतात. मिटलं की तो झोपतो. शुक्रवारी थ्रीडी चित्राची पहिली चाचणी लावली होती, दोन तास झाले होते, आणि येऊन बघते तर झाकण मिटलेलं आणि चित्र अर्ध्यावर मेलेलं. त्यांना म्हणाले, तर म्हणाल्या की धूळ बसती की, उघडं कावून ठिवायचं? मला रडू आलं. कांदा चिरत होते, त्याच्या नावावर खपवलं.

खऱ्या चित्राला चार तास लागणार. मध्येच कुणी मिटलं तर बावीस वर्षांनी उघडलेलं सगळंच मिटेल, असं वाटतं. नवमीला वीस दिवस राहिलेत.

तुझी,
ताई

पुणे
९ ऑक्टोबर २०२३

ति. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या सासूबाई पुढच्या जन्मी झाकण होणार, हे माझ्याकडून लिहून घे.

त्यांच्याशी भांडू नको, लॅपटॉपलाच समजाव. पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर काय करायचं असं विचारलेलं असतं. तिथं काहीच करू नको हे निवड, बॅटरीसाठीही आणि लाइटसाठीही. मग झाकण मिटलं तरी तो आत काम करत राहील. कडेचा बारीक दिवा पेटलेला दिसला की समज जागा आहे. उलट पडदा बंद झाल्यानं वीज वाचेल.

चित्र लावशील तेव्हा कमाल मर्यादा साठ टक्क्यांवर आण. सावकाश चालेल, तापणार नाही, आणि लाइट गेली तरी चार तास निघतील. बैल पळवायचा नाही, घरी पोचवायचा.

नवमीच्या दिवशी माझं सगळं लक्ष तुझ्याकडे असेल.
तुझीच,
रुद्राणी

युसूफ वडगाव
२५ ऑक्टोबर २०२३

चि. सौ. रुद्राणी हिस,
अ. उ. आ., आणि आपट्याची पानं सोबत.

आधी शेवट सांगते, म्हणजे तू श्वास सोडशील. चित्र पोचलं. काल माजलगावला पाया खोदला. आता मधलं ऐक.

खंडेनवमीला आमच्याकडे तराजू, मापं, कात्री, विळीसुद्धा पूजेत बसते. ज्याचं औजार त्याच्या नावानं फूल वाहायचं, आणि एकदा फूल वाहिलं की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला काम सांगायचं नाही. भाजीही आदल्या दिवशीच चिरून ठेवतो. म्हणून मी अष्टमीलाच सगळं संपवणार होते, पण सरांनी ऐनवेळी गच्चीचा कठडा बदलायला सांगितला. नवमीला सकाळी नऊला चित्र लावलं, साठ टक्क्यांवर, आणि आंघोळीला गेले.

येऊन बघते तर गादीवर लॅपटॉप नाही. देवासमोर तराजूच्या शेजारी तो मिटलेला, वायर काढलेली, झाकणावर हळदीकुंकू, वर झेंडूचा हार. सासूबाई हात जोडून बसलेल्या. मी दारातच थिजले. आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही म्हणजे सगळं संपलं. तेवढ्यात सासूबाईंनी फूल वाहिलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, उज्ज्वलाच्या नावानं.

रुद्राणी, ह्या घरात माझ्या नावानं कधी फूल वाहिलं नव्हतं. विळीचं फूलसुद्धा सासूबाईंच्याच नावानं. मला हसावं की रडावं कळेना. त्यात त्यांनी झाकणाला हात लावला आणि म्हणाल्या की देव पावला, ऊब आलीय. तेव्हा मला हाराखालचा बारीक दिवा दिसला. तो जागा होता गं! मी पुरणाचा कट ढवळत दर दहा मिनिटांनी देवाला नमस्कार करायला जात होते. हे म्हणाले की आज भक्ती फार वाढली.

दीडला चित्र पुरं झालं असणार. पण पाठवायचं कसं? शेवटी धीर करून सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, नवमीला आपण तराजू उचलत न्हाई, पण आधी मोजून बांधून ठिवलेला माल गिऱ्हाइकाला देतो का न्हाई? तुझं मोजून झालंय. आता नुसतं द्यायचंय. त्यांनीच हार बाजूला केला. मी लॅपटॉप गल्ल्यापाशी नेला, बॅटरी अकरा टक्के उरली होती. सहा गिऱ्हाइकं आणि बंकटअण्णा बघत होते. चित्र गेल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कशाला ते त्यांनाही माहीत नव्हतं.

सरांचा आज निरोप आला. केजचं एक घर आहे, आणि दिवाळीनंतर आणखी एक.

झाकणाच्या बिजागरीत थोडं कुंकू गेलंय. त्यानं लॅपटॉपला काही होत नसेल तर मी ते पुसणार नाही. तेवढं कळव. पाकीट चिकटवायला सासूबाईंकडे देते, उघडं काही राहू देणार नाहीत.

तू आहेस म्हणून मी आहे, हे विसरू नको.
तुझी,
ताई

ता. क. रुद्राणीला नीलाबाईचा आशीर्वाद. पाकीट बंद करायच्या आदी चार वळी लिहिते. मी पुढच्या जन्मी झाकन होईन म्हनतीस. होईन की. शेवयांचा डबा ज्या घरात हाय तिथली सासू शेवया संपल्या म्हनून डबा उघडायची राहती व्हय? तुजी समदी पत्रं वाचली. गादीवरून पेटी फरशीवर मीच ठिवत होते. नवमीला बी गार फरशीवर ठिवली, खाली पाट घातला न्हाई. बारका दिवा बगूनच झाकन मिटलं. तुजा दाजी संगमेश्वर आदल्या दिवशी म्हनाला, काम झालं न्हाई तर परवा पेटी दुकानात घेऊ. म्हनून पूजेत बसवली. ज्याच्या नावानं फूल वाहिलं त्याचीच वस्तू, मग कुनी मागत न्हाई. कुंकवानं काय होत न्हाई असंच लिही. आन् तिला ह्यातलं काय बोलू नको. डबा बदलला तर मला कळायचं कसं?