सात पट्ट्यांची फळी

मंगळवार, ९ सप्टेंबर

दादा,

नमस्कार. तुझी कंबर कशी आहे, वहिनीचा खोकला कसा आहे, हे विचारायला मी अकरा वर्षं लावली. त्याबद्दल आधी मनसोक्त शिव्या घालून घे. घातल्यास? आता पुढचं वाच.

मला एक मोठं चित्र करायचं आहे. नऊ फूट बाय बारा. अंध मुलांच्या शाळेत, जिन्यासमोरच्या भिंतीवर. मुलं ते हातांनी बघणार, म्हणून थर चांगला बोटभर जाड हवा. डोंगर हाताला डोंगर लागला पाहिजे, पाणी पाणी लागलं पाहिजे. शाळेकडे पैसा बेताचा. चित्रकारांच्या नळ्यांतला रंग एवढा जाड थापायचा तर शाळा विकायला काढावी लागेल. तेलरंग घेतला तर वरून साय धरणार आणि आतून महिनोन्महिने ओला राहणार. मुलांच्या बाह्यांवरून माझं चित्र घरोघर जाईल.

म्हणून मी शहाणपणा केला. भिंतीची पुट्टी आणली, पाण्यात कालवली आणि ताणलेल्या कॅनव्हासवर एका बैठकीत थापली. नमुना म्हणून दोन फुटांचा तुकडा. तीन दिवस तो असा झकास दिसत होता की मीच माझी पाठ थोपटून घेतली. चौथ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई आल्या. त्यांनाही दिसत नाही. त्यांनी डोंगरावरून हात फिरवला आणि डोंगर त्यांच्या हातात आला. अख्खा. "सुटा होतो वाटतं," म्हणाल्या. मी हसले. पुढच्या महिन्यात पक्का नमुना दाखवता आला नाही, तर त्या भिंतीवर सूचनाफलक लागणार आहे.

तर सांग. पुट्टी का सुटली? कॅनव्हास हलतो म्हणून, की मी एकदम थापली म्हणून? भुसा घातला तर वजन कमी होतं का? खडूची पूड आणि सुताराचा पांढरा गोंद यांचं आपसात जमतं का? घराच्या भिंतीचा रंग चित्राला चालतो, की दोन उन्हाळ्यांत उडतो? लहानपणी तू डब्यात काठी फिरवत बसायचास आणि मी "का, का" करून तुझं डोकं खायचे. तू म्हणायचास, "ठिपके, गप बस, नाहीतर तुलाच भिंतीला लावीन." आताही तसंच समज.

प्रदर्शनाच्या त्या दिवसाचं काही लिहीत नाही. कागद संपला.

तुझी
ठिपकी


रविवार, ५ ऑक्टोबर

दादा,

पार्सल पोचलं. पोत्यात गुंडाळलेली फळी, वर सुतळीच्या एवढ्या गाठी की सोडवताना माझी दोन नखं गेली. चिठ्ठी शोधली. पोतं उलटं करून झटकलं. चिठ्ठी नाही. म्हटलं, बरोबर आहे, ठिपके, तुझी लायकी तेवढीच. मग वेगवेगळ्या लेपांच्या सात पट्ट्या थापलेली ती फळी पालथी केली, तर मागे तुझ्या जाड पेन्सिलीने एकेका पट्टीची जन्मकथा लिहिलेली.

"१. नुसती पुट्टी. तू केलीस ती. नखाने उचल." उचलली, निघाली. "४. खडू, गोंद, भुसा. हलकी, पण एका दमात लावली. भेगा बघ." "५. तीच, पण चार थरांत. प्रत्येक थर सुकू दिला. खाली प्लाय, त्यावर गोंदाने चिकटवलेली जुनी चादर. कॅनव्हासचा नाद सोड. पोटात भिंतीचा रंग, वरून फक्त शेवटचा थर तुझ्या महागड्या नळीचा. पोटात काय आहे ते कोण बघतंय."

पाचवीला मी नखाने, चमच्याने आणि शेवटी हातोडीने छळलं. हटत नाही. तुझ्यावरच गेली आहे.

काल फळी शाळेत नेली. बाईंनी सगळ्या पट्ट्या चाचपल्या आणि पाचवीवर थांबल्या. "हे तुमचं काम नव्हे," म्हणाल्या. "तुमच्या थापण्यात घाई असते. हा माणूस प्रत्येक थरापाशी थांबलाय. कोण आहे?"

दादा, हा प्रश्न मला दुसऱ्यांदा आला. पहिल्यांदा आला तो माझ्या पहिल्या प्रदर्शनात. तू सकाळपासून दालनाच्या भिंतींची भोकं बुजवलीस, रंग दिलास, माझी चित्रं टांगलीस आणि कामाच्या कपड्यांतच कोपऱ्यात उभा राहून बघत होतास. चित्र विकत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "हे कोण?" मी म्हणाले, "रंगारी आहे. भिंती रंगवायला आलाय." तू ऐकलंस. डबा उचललास, "येतो, मॅडम" म्हणालास आणि गेलास.

मी खोटं एक अक्षर बोलले नव्हते, ही सबब मी अकरा वर्षं स्वतःला सांगत आले. तू रंगारी होतासच. फक्त "माझा दादा" एवढं मी गिळलं. मला तुझ्या कपड्यांची लाज वाटली होती. आता माझी वाटते. माफ कर म्हणायलाही तोंड नाही, पण म्हणते.

काल बाईंना सांगितलं, "माझा मोठा भाऊ. रंगारी आहे. मला जे येतं ते आधी त्याच्या डब्यातून आलं." त्या म्हणाल्या, "मग भिंत त्यांनाच दाखवा. फलक आम्ही दुसरीकडे लावू."

आता एकच शंका राहिली. सातव्या पट्टीत काय आहे? वाळूसारखी लागते, पण वाळू नाही. वास घेतला, चाटूनही बघितली. मागे तू एवढंच लिहिलं आहेस: "समोर सांगेन." ते वाचून मी किती वेळ फळी हातात धरून बसले होते, ते मीही समोरच सांगेन.

पुढच्या सोमवारपासून प्लाय भिंतीशी उभं असेल. कामाच्याच कपड्यांत ये.

वाट बघत असलेली,
रंगाऱ्याची बहीण