नवीन टायर, अन् गाडी डावीकडे

बाबा, गाडीले नवीन टायर टाकले अन् तेवापासून ती डावीकडे ओढून राह्यली. स्टिअरिंग सरळ धरलं तरी हळूच कडेले सरकते, जशी म्हैस तळ्याकडे सरकते. मले सांगा, नवीन टायरनं गाडी सुधारली पाहिजे का बिघडली पाहिजे? तुमाले गाडीतलं काई समजत नव्हतं हे मले माहीत आहे. तुमी जलमभर बैलबंडी हाकली. तरी तुमालेच विचारून राह्यली, कारण ज्याले ज्याले समजते त्या सगळ्याइले विचारून झालं, अन् सगळ्याइनं येगयेगळं सांगतलं. तुमाले वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहिणं सोपं जाते. वाचता येत असतं तर मी एक अक्षर लिहिलं नसतं.

गाडी माझी आहे, हे तुमाले माहीत नाई. व्हॅन आहे. सकाळी आपल्या गावच्या अन् वाटेवरच्या गावाइच्या कॉलेजच्या पोरी भरतो, वैनगंगेचा पूल ओलांडून ब्रह्मपुरीले सोडतो, दुपारी परत आणतो. एसटी आहे, पण ती तिच्या मनानं येते. जीपवाले एवढे कोंबतात का पोरीइले बसाले जागा नाई अन् उभं राहाले लाज. पोरीइच्या आया मले तोंडावर सांगतात, "तुमी चालवता म्हणून धाडतो, नाई तर घरीच ठेवली असती." असं कोणी म्हटलं का मले बरं वाटते अन् रागही येते. माझ्या दोन हातावर आपल्या पोरीइचं कॉलेज कायले लटकवता, बापा? पण लटकलेलं आहे, हे खरं आहे.

तर मी ब्रह्मपुरीच्या टायरवाल्याकडे परत गेली. म्हटलं, "भाऊ, कसे टायर टाकले? गाडी नालीत चालली." तो म्हणे, "बाई, टायरचा दोष नाई. अलाइनमेंट पाहा लागते." म्हटलं, ते काय असते? म्हणे, चारही चाकं सरळ पाहून राह्यले का नाई, ते मशीनवर पाहाचं. एखादं चाक खड्ड्यात आपटून तिरपं झालं असलं तर गाडी ओढते, अन् नवीन टायर एकाच बाजूनं घासून खलास होते.

"म्हणजे करावंच लागते?"

"जुन्या टायरवर ओढत होती का?"

"नाई."

"मग कदाचित नाई बी लागणार."

"अरे, लागते का नाई लागत? एक काईतरी सांग."

"मशीनवर चढवल्याशिवाय कसं सांगू, बाई? डॉक्टर बी आधी फोटो काढते, मग सांगते."

मले तो फोटो अन् डॉक्टर काई आवडला नाई. आज घाई आहे म्हटलं अन् निघून आली. स्टँडवर एका जीपवाल्याले विचारलं, तर तो म्हणे, "काकू, गाडीले माहेरची आठवण येत असन, म्हणून तिकडंच वळते." मी म्हटलं, "तुह्या जीपले ब्रेकच लागत नाई, ते कोणाच्या आठवणीनं?" आजूबाजूचे हसले. मग तो नीट बोलला. म्हणे, टायर बदलल्यानं चाक वाकत नाई, कायले अलाइनमेंट करता? चाकाच्या मागचं, खालचं काम काढलं असतं तर गोष्ट येगळी. दुकानवाले सगळ्याइले हेच सांगतात. आता याचं ऐकू का त्याचं ऐकू? दोघंही मान हलवून असे बोलतात जसं गाडी त्याइनंच पैदा केली.

घरधनी ऊर्जानगरले वीजकेंद्रात ठेक्याच्या कामावर असते. रविवारी आला तेवा मी चाबी त्याच्या हातात देल्ली अन् बाजूले बसली. तो तळ्यापर्यंत गेला, वळवून आला. म्हणे, "सरळ तर चालते. गाडीले काई नाई झालं. तुह्याच हातात काई असन." असं म्हणून हसला अन् वांग्याची भाजी आणखी वाढ म्हणे. मी वाढली. मी हसली नाई.

बाबा, धानाची रोवणी झाल्यापासून माझ्या डाव्या हाताची दोन बोटं मुंग्या आल्यासारखी राहतात. आधी वाटलं, चिखलात वाकून वाकून झालं असन. मग एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला. मी सोडला नाई, तो सुटला. सून चुलीपाशी होती. म्हणे, "आई, चटका लागला का?" मी म्हटलं, "हो, लय गरम होता." चहा गरम नव्हता, निवून गेला होता, वर साय धरली होती. तिनं फरशीवरचा चहा पुसला अन् कपाचे तुकडे वेचले. तेवा जुनेच टायर होते. मग गाडी तेवापासूनच ओढत होती अन् मले समजलं नाई, का टायर टाकल्यावर ओढाले लागली? आठवाले बसतो तर काईच पक्कं आठवत नाई. स्टिअरिंगवर हात ठेवतो तर तो हात धरून आहे का नुसता लटकून आहे, हेच समजत नाई. लटकलेला हात गाडीले डावीकडेच ओढेल ना?

आता एक दिवस सारखा डोळ्यापुढं येते. धानाचे पोते घेऊन आपण मिलवर चाललो. मी लहान आहे, पोत्यावर बसून आहे, पाय खाली पुरत नाई. बंडी सारखी डावीकडे जाऊन राह्यली, चाक बांधावर चढून राह्यलं. तुमी उतरता. आधी चाकाजवळ बसून आस पाहता, हातानं हलवून पाहता. मग बैलाइची जागा बदलता, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. म्हणता, "खोड बैलाची असन तर आता बंडी उजवीकडं जाईल." बंडी डावीकडेच जाते. तुमी बराच वेळ उभे राहता. बैल गवत खातात. मग कासरा माझ्या हातात देता अन् म्हणता, "धर वं." मी धरतो, अन् बंडी मिलपर्यंत सरळ जाते. मी वळून पाहिलं तर तुमी हसत होते. मले वाटलं, माझं कौतुक करून हसले. घरी येऊन मी आईपुढं नाचली, "बाबाले नाई जमली, मी आणली सरळ!" अन् तुमी असे खेकसले, "गप! खाली बस अन् जेव!" का मी दोन घासात उठून गेली. त्यानंतर बंडी नेहमी मी नाई तर भाऊ हाकत गेलो, तुमी बाजूले. तुमी गेल्यावर आईनं सांगतलं का तुमाले उजव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. तिकडचं दिसत नाई म्हणून तुमी बैलाइले डावीकडं दाबत होते. मले हे विचाराचं आहे का तिथी रस्त्यावर उभे होते तेवाच तुमाले समजलं होतं का? समजलं असन तर हसले काऊन? मले तर हसू येत नाई. मले कोणाच्या तरी थोबाडीत मारावंशी वाटते, पण कोणाच्या?

मी तुमच्यासारखंच केलं. टायरवाल्याले म्हटलं, पुढचे दोन टायर अदलाबदल कर. तो म्हणे, "बाई, कोरे टायर आहेत, त्याइले काय होते?" म्हटलं, "तू कर." केले. परत येताना गाडी डावीकडेच. म्हणजे टायर निर्दोष सुटले. राह्यल्या दोनच गोष्टी, एक त्या मशीनवर पाहाची अन् एक माझ्या खांद्याले लागून आहे. टायरवाला रोज विचारते, "चढवाची का बाई आज?" मी रोज कारण सांगतो. त्याले वाटते मी चिंगूस आहे. वाटू दे. मशीननं गाडी तिरपी दाखवली तर मी त्याले वरून पेढे खाऊ घालीन. पण गाडी सरळ निघाली तर? मग सोमवारी पोरीइच्या आयाइले काय सांगू? तुमच्याजवळ मी होती कासरा द्याले. माझ्या सुनेचं लायसन येऊन दोन महिने नाई झाले, पूल आला का ती अजून श्वास धरते. तिच्या हातात पोरी देऊ? का दवाखान्यात जाऊन हात दाखवू? हात दाखवला का घरधनी चाबीच काढून घेईल, अन् त्याचं बरोबरच असन.

काल मी सुनेले म्हटलं, "चाल, जरा चालवून पाहू." ती बसली. कुरखेड्याच्या रोडले लागलो. एका जागी मी म्हटलं, "इथी हात ढिला सोड, पाय तसाच ठेव." तिनं सोडला, अन् गाडी डावीकडे गेली. "आई, ओढते वं!" ती ओरडली. मी एवढी हसली का डोळ्यातून पाणी आलं. तिच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, "पाहिलं ना? गाडीच खराब आहे." तिनं घरी सगळ्याइले सांगतलं, ऊर्जानगरले फोनवर बी सांगतलं. आता सगळे म्हणतात, अलाइनमेंट करून टाक अन् मोकळी हो.

तो रोडचा तुकडा मी निवडला, बाबा. पावसाचं पाणी नालीत जावं म्हणून तिथी रोड डावीकडे उतरता आहे. तिथी कोणाचीही गाडी, कोणाच्याही हातात, डावीकडेच जाते. सुनेले हे माहीत नाई. मी त्या रोडनं रोज जातो, मले माहीत होतं.