पाकिटातला पुठ्ठा

॥ ॐ नमः शिवाय ॥

धारूर,
ता. २४ एप्रिल २००७

भारत यास,

शिवशरणचा आशीर्वाद. चिरंजीव लिहायचा हक्क मला राहिलेला नाही, आणि श्रीयुत लिहिलं तर आणखी एक तक्रारीचा कागद आला असं तुला वाटेल, म्हणून नुसतं भारत लिहिलं आहे. इकडे सर्व ठीक. तू आणि तुझी आई कौशल्याबाई तिकडे कडा गावी खुशाल असाल. खुशाल कसे असाल ते मला माहीत आहे, पण असं लिहायची रीत आहे आणि ती मोडवत नाही.

बसव जयंती गेल्या आठवड्यात झाली. यंदा मी मिरवणुकीत चाललो नाही, गुडघे बोलतात. माझी लेक ईश्वरी, तिची परीक्षा संपली, ती अंबाजोगाईहून घरी आली आहे. दुकान चालू आहे म्हणायचं. दुपारी चिटपाखरू नसतं, मी गल्ल्यावर बसून पेंगतो. थकल्यासारखं वाटतं. काम केल्यानं थकतो तसं नाही.

तुझ्या शिक्षण संस्थेच्या सचिवांचं पत्र मला आलं आहे. तुझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं जूनमध्ये भरतात. तुला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे ठरवायला ते पाच मेला बसणार आहेत. त्या दिवशी मी कड्याला येऊन माझी तक्रार तोंडी सांगावी, असं त्यांनी लिहिलं आहे. चार दिवस ते पत्र मी गल्ल्यातून काढतो, वाचतो आणि परत ठेवतो.

हा माणूस आता नवीन काय सांगणार, असं तुझ्या मनात येईल. सांगतो. पण आधी मला तुझ्या अगोदर रुपया घेतलेल्या त्या दोघांचं सांगू दे. तुला ते मी नीट कधी सांगितलंच नाही.

आमच्या वडिलांच्या काळात दुकानात निजामाचे हाली रुपये चालायचे, ते तुला मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते चलन बंद झालं आणि चाळीस-पन्नास रुपये गुळाच्या जुन्या डब्यात तसेच राहिले. ईश्वरीनं नेट कॅफेत बसून त्यातल्या एकाचा फोटो लिलावाच्या साईटवर टाकला, आणि कलकत्त्याचा एक माणूस बोली लावायला लागला. खोटं कशाला बोलू, मला लई भारी वाटलं. नड नव्हती. धारूरच्या पेठेतल्या किराणा दुकानदाराच्या डब्यातली वस्तू कुठकुठल्या माणसांना हवी आहे, याचंच अप्रूप होतं.

त्या पहिल्यानं रुपया घेतला आणि आठ दिवसांनी कळवलं की हा नकली आहे, परत पाठवतो. परत आला तो माझा नव्हताच. माझ्या रुपयावर चारमिनारच्या दरवाजातलं अक्षर कसं टाकीनं कोरल्यासारखं होतं. याच्यावर नुसता घासलेला चट्टा. त्यानं स्वतःकडचा झिजलेला माझ्या गळ्यात मारला होता. साईटवाल्यांनी त्याचंच ऐकलं. घेणाऱ्याचे पैसे त्यांच्याकडे अडकून असतात, घेणारा ‘मिळालं’ म्हणेल तेव्हा आपल्याला सुटतात. दुसरा तर म्हणाला पाकीट आलंच नाही. माझ्याकडे पोहोचपावती होती, वर कुणाची तरी सही होती. तो म्हणाला ही सही माझी नाही. विषय संपला.

दोन रुपये गेल्याचं मला एवढं नव्हतं. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून उधार देत आलो, आणि माझा माणूस ओळखण्यात घोटाळा फारसा झाला नाही. इथे तोंडच दिसत नव्हतं. मग मी सगळ्यांनाच चोर धरायला लागलो.

तुझी बोली त्यानंतरची, श्रावणातली. तू कलकत्त्याचा नव्हतास, आपल्याच जिल्ह्यातला निघालास. वर्गात पोरांना निजामाचं राज्य शिकवताना रुपया हातात द्यायचा आहे, असं तू लिहिलंस. पत्रात काका म्हणालास. मला बरं वाटलं होतं, ते तेव्हा मी तुला कळवलं नाही.

तुझं पाकीट मी कसं केलं ते ऐक. टपालात नाणं हाताला लागतं आणि गायब होतं, म्हणून मी एक शक्कल काढली. साडीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा मधून चिरायचा, पोटात रुपया बसवायचा आणि खळीनं चिकटवून पाच किलोच्या मापाखाली दाबून ठेवायचा. आधी एक रिकामाच पुठ्ठा चिकटवून बघितला, फुगतो की काय म्हणून. मग रुपयाचा केला. दोन्ही एकाच मापाखाली वाळत ठेवले. सकाळी गिऱ्हाईक उभं होतं, त्या घाईत वरचा काढला, पाकिटात घातला आणि पोस्टात देऊन आलो. दिवसभर तराजूला हात लावणारा मी, पण ते पाकीट तोलून बघायचं काही मला सुचलं नाही.

एवढ्यावर तुला कळलंच असेल.

तुझा फोन आला, पाकिटात नुसता पुठ्ठा आहे. मी म्हणालो, फाडून बघ. तू फोन चालू ठेवून फाडलास, मला आवाज ऐकू येत होता. “काका, आत काय बी न्हाई,” म्हणालास. आणि मी पेठेला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणालो, “मास्तर हायस ना बे? लेकरांना बी हेच शिकवतोस काय?”

साईटवाल्यांनी तुझे पैसे तुला परत केले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. रुपया गेला आणि हा वर साव ठरला. ईश्वरीला बसवून तुझ्या नावापुढे शेरा लिहायला लावला. गणपती उठल्यावर तुझ्या संस्थेला तक्रार धाडली. त्यात काय लिहिलं होतं ते सचिवांनी तुला वाचून दाखवलंच असेल. पहिल्या दोघांचा राग मी तुझ्यावर काढला, कारण तिघांत तुझाच पत्ता माझ्या हाताला लागण्यासारखा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी केलं.

तुझा रुपया माझ्याकडे आहे, भारत. तो धारूर सोडून कुठे गेलाच नव्हता. परवा दुकान आवरताना

ही ओळ खोडली आहे ती तशीच राहू दे. परवा नाही. दिवाळीत. लक्ष्मीपूजनाला पणतीखाली ठेवायला तो दुसरा पुठ्ठा उचलला आणि हाताला जड लागला. फाडायचीही गरज नव्हती. मी ओट्यावर खाली बसलो. ईश्वरी म्हणाली, अप्पा, चक्कर आली काय? मी हो म्हणालो.

सहा महिने झाले त्याला. रोज ठरवायचो की उद्या लिहू. पण सगळ्या पेठेत सांगून बसलो होतो. शेजारचा बजरंग येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, आमच्या अप्पांनी मास्तर पकडला. दोनदा फसलेल्या माणसानं तिसऱ्याला धरलं, याची लोकांना मजा होती आणि मलाही तिची गोडी लागली होती. आता उलटं सांगायचं म्हणजे या वयात हसं. तुझी नोकरी एका बाजूला आणि माझं हसं दुसऱ्या बाजूला, आणि मी माझं हसं वाचवलं. मला लाज वाटते, आणि लाज वाटते असं लिहिल्यानं ती कमी होत नाही.

एवढ्यावर पत्र संपवणार होतो. अजून एक राहिलं आहे.

संक्रांतीच्या आठवड्यात तुझी आई माझ्या दुकानी आली होती. तुला न सांगता. मांजरसुंब्याला गाडी बदलून आली. आधी तिनं पावशेर शेंगदाणे घेतले आणि दुकानातली माणसं जाईपर्यंत बाजूला उभी राहिली. मग नाव सांगितलं. पदराची गाठ सोडून हातात घालायचे चांदीचे दोन गोठ गल्ल्यावर ठेवले. म्हणाली, तुमच्या रुपयाच्या जागी हे घ्या आणि संस्थेतला तो कागद माघारी घ्या.

मी गोठांना हात लावला नाही. तिला वाटलं मला कमी पडतं आहे. मग ती म्हणाली, “त्यो म्हनतो म्या न्हाई घेतलं. पन अप्पा, तुमी मोठे मानूस, उगं कशापायी लिहिताल? घेतलं बी आसंल त्यानं. चुकलं लेकरू. पदरात घ्या.”

गोठ घेऊ नका, घरी जा, असं म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, “ठेवून जा. बघतो.” आणि ज्या खणात तुझा रुपया होता त्याच खणात मी तिचे गोठ टाकले. भारतला सांगू नका, असं तिनं मला बजावलं. ती बसस्टँडकडे गेली तेव्हा मी दुकानाच्या पायरीपर्यंतसुद्धा आलो नाही. आणि कागद माघारी घेतला नाही, हे तुला माहीतच आहे. तो मागे घ्यायचा तरी कारण लिहावं लागलंच असतं.

पहिल्यानं खोटा रुपया दिला, दुसऱ्यानं आलेलं पाकीट नाकारलं. आईच्या हातची चांदी त्या दोघांनीही घेतली नसती.

पाच तारखेला मी कड्याला येतो आहे. वर लिहिलेलं सगळं सचिवांपुढे उभा राहून सांगणार आहे. येण्याआधीच माझं काही बरं-वाईट झालं किंवा ऐन वेळी पाय मागे ओढले, तर अडू नये म्हणून या पत्राची नक्कल आजच त्यांना रजिस्टरनं पाठवली आहे. साईटवरचा शेरा ईश्वरीनं काल बदलला. आता तिथे लिहिलं आहे, चूक विकणाऱ्याची. बजरंगला मी सांगितलं. तो हसला नाही, आत निघून गेला.

सोबतच्या पार्सलात दोन गोठ आणि तुझा रुपया आहे. या वेळी कशात लपवला नाही. पार्सल पोस्टमनच्या समोर उघड, जवळ कुणी जाणतं माणूस उभं कर. माझ्यावर विसंबून राहू नको.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढासुद्धा त्रास मला तुला द्यायचा नाही.

एक कर. हे पत्र संस्थेत नेण्याआधी तुझ्या आईला वाचून दाखव. तिला वाचता येत नाही, ते तिनं मला सांगितलं होतं. ती आली होती ते मी तुला सांगितलं म्हणून ती रागावेल, रागावू दे. पण मोठ्यानं वाच आणि मधलं काही गाळू नको. नोकरी तुला संस्था देईल. तू घेतलं नव्हतंस, एवढं तिला कळायला हवं, आणि ते ती माझ्याच तोंडून खरं मानेल.

ज्याच्या शब्दावर तुझ्या आईनं विश्वास ठेवला, तो
शिवशरण