मांडवातला रोल

रवि. ८ फेब्रु.
पिशोरहून आलो. अंग ठणकतंय पन मन कसं गार हाय. लई वर्सांनी असं लग्न पाह्यलं! माझ्या भावाच्या नातीचं. जेवन बरं व्हतं, वांग्यात तेल जास्त. अक्षता पडल्या अन् मानाच्या फेट्यावरून पेटलं. आधी कोनाला बांधायचा, नवरदेवाच्या मामाला का चुलत्याला, म्हंजी बापूरावला. पहिलं शिव्या, मग खुर्च्या. एकाचा दात उडून माझ्या ताटात. म्याबी एकाला चप्पल हानली, कोन व्हता देवाला ठावं. मग कोनीतरी मांडवाचा लोखंडी पाईप घातला बापूरावच्या डोस्क्यात. नवरीच्या शालूवर रक्त...
पल्लू, माझी नात, फोटू काढत व्हती. आमचे मालक गेले, त्यांचा रोलचा कॅमेरा हिनं घेतलाय. लोकं हसतात, मोबाईलच्या जमान्यात रोल. ती म्हनती, "हसू दे आज्जी, आता पोरं मुद्दाम हेच मागतात."

सोम. ९
कालचं राह्यलं. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, सोयरीक मोडायची नाय. सगळ्यांचे मोबाईल घेऊन व्हिडिओ उडवले. पल्लूचा कॅमेराबी एकानं हिसकला. पालथा करतो, उताना करतो, पडदाच सापडंना. "बंद डबडं घेऊन काय फिरती गं?" म्हनून परत दिला. म्या पदर तोंडात कोंबला, इतकं हसू.
दुपारी फोन. पोलिसांनी अमोलला नेलं. नवरीचा भाऊ. नवरदेवाकडचे म्हनतात, पाईप त्यानंच मारला. पोरगं रडून सांगतंय, मी नाय. बापूराव शुद्धीवर नाय. मेला तर अमोल जन्माचा आत.
पल्लू म्हनली, "आज्जी, पाईप उचलला तेव्हा मी बटन दाबलंय."
मोबाईल सगळे कोरे अन् आमचं डबडं भरलेलं! रोल तिनं काढून डबीत घातला, डबी म्या ज्वारीच्या डब्यात खुपसली.

बुध. ११
शहागंजला गेलो, जुन्या स्टुडिओवाल्या चाचाकडं. येताना बोरं घेतली, आंबट निघाली. चाचा आता मोबाईलचे कव्हर इकतो. म्हनला, "रोल धोना कब का छोड़ दिया अम्मा. मोबाईल खा गया हमकू."
पल्लू म्हनली, "सामान मला द्या चाचा. हा धंदा मी करते."
"पागल हो गई क्या? कौन आता तेरेकू?"
"तुरुंगातला पोरगा येतोय की पहिला."
चाचानं माळ्यावरून रोल धुवायचा डबा काढला, औषधाचं कागदावर लिहून दिलं. माझी नात हाय! बोलायला कोनाला ऐकत नाय.

गुरु. १२
आज लढाई!! सुधाकर, माझा ल्योक, पल्लूचा बाप, कंपनीत गेलेला. नवरदेवाचे दोघं भाऊ उस्मानपुऱ्यात घर हुडकत आले. कोनी सांगितलं रोलचं, काय की. काच फोडली, दाराला लाथा. "रोल दे म्हातारे! आमी खुर्च्या हानताना आलोत त्याच्यात."
"मग हानायच्या नव्हत्या," म्हनलं.
धाकट्यानं पल्लूचे केस धरून डोस्कं भिताडावर आपटलं. मग मला कोन आवरतंय? मुसळ घेतलं. त्याचं मनगट असं वाजलं, वाळलेली तुराटी मोडावी तसं. अजून कानात गोड वाजतंय. थोरल्यानं कॅमेरा उघडून आतला रोल चऱ्हाटावानी वढला, खुशीत पळाले. तो कोरा व्हता, आदल्या दिशी घातलेला!
पल्लूच्या कपाळाला टाके. रिक्षात दोघी हसत व्हतो, रिक्षावाला बावचळला.

शुक्र. १३
सुधाकरला सगळं रंगवून सांगितलं. वाटलं खूश व्हईल. काच कधी बसवायची तेवढं इचारलं. मग म्हनला, "आई, ती डबी जाळून टाक."
"अन् अमोल?"
"सुटंल तो. जामीन व्हईल."
"अन् बापूराव मेला तर?"
ताट सारून उठला. मेथी त्याला आवडती म्हनून केलती. लग्नापासून धड जेवत नाय, म्हनलं पित्त आसंल. मारामारीत हा कुठं व्हता? म्या तर चप्पल हुडकत व्हते. हे काय मनात यायलंय माझ्या...
पल्लूला बोलले नाय. तिचा बाप हाय.

रवि. १५
सकाळी पल्लूनं न्हानीत रोल धुतला. कपड्याच्या दोरीवर चिमटे लावून टांगला. काय मज्जा! सगळे भुतावानी, केसं पांढरीफटक, दात काळे. नवरीचा शालू बी कसातरीच. अन् एका फोटूत पाईप वर धरलेला मानूस. पाठमोरा. अंगात काळा सदरा.
म्या टाळी वाजवली. सुधाकर पांढऱ्यात व्हता, म्या सोता इस्तरी केली. "तुझा बाप नाय गं पल्लू!" तोंडातून निघूनच गेलं.
ती माझ्याकडं बघत राह्यली. म्हंजी तिच्याबी मनात व्हतं. मग हळूच म्हनली, "आज्जी, रोलवर उलटं असतं. काळं दिसतंय ते पांढरंय."
मांडवात पांढरे लई व्हते. अमोल व्हता, आचारी व्हता. कानामागचं, मानेचं, कागदावर मोठं केलं की कळंल, म्हनली. फोटूचा कागद पुण्याहून यायचाय.
तेवढ्यात दार वाजलं. "आई, दोघी काय करताव आत? मला आंघोळ करायचीय." कडीवर हात माझा. काढली कडी.
सुधाकर आत आला. रोल त्याच्या तोंडाम्होरं लटकत व्हता. लई टाईम बघितलं त्यानं. पल्लूच्या कपाळाचे टाके बघितले. हात काय लावला नाय. आंघोळ न करताच, चपला घालून बाहेर गेला. आज सुट्टी हाय त्याची.
दिवस मावळला. आला नाय. फोन लागंना. पल्लू रोलपाशी पाटावर बसलीया, उठ म्हनलं तर उठंना. म्या भाकरी टाकल्यात, त्याच्याबी.