तोंड नसलेली बाई

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं, म्हणून काल बारामतीत तुमच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. तिथं जे कळलं त्याचा जाब तुमच्याशिवाय कुणाला विचारू?

मधोमध तुमचं ते मोठं तैलचित्र होतं. मान कलती केलेली बाई, मांडीवर फावड्याएवढे हात, मातकट पिवळा चेहरा आणि तोंडाच्या जागी नुसता खरवडलेला रंग. पुण्याहून आलेले समीक्षक म्हणाले, "हे मौन मातीचं आहे. मेंढरांमागं पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या बाईचं सोसणं आहे." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या! कॉलेजात असताना या चित्रावर मी हेच लिहिलं होतं. तुम्हीच तर सांगितलं होतंत.

शेजारी आई उभी होती. चित्रासाठी तीच बसली होती, पण तिला कधी काही विचारावं असं आपल्या दोघांना का वाटलं नाही?

ती हळूच म्हणाली, "तोंड हुतं की आधी. दोन दिस काढत हुते."

"मग?"

"निरवांगीवरनं सांगावा आला, माझी आई लई आजारी हाय. म्या म्हणलं, मला जाऊ द्या. तर म्हणले, आज उजेड चांगला पडलाय, उद्या जा. मी रडाया लागले. तोंड सारखं हलतंय म्हणून चिडले आन् सुरीनं खरवडून टाकलं."

"आणि आजी?"

"दुसऱ्या दिशी गेलो, तवा समदी जाळून माघारी आली हुती."

अण्णा, एका दिवसाचा उजेड! शाळेत पोरांना सांगायचात, आधी माणूस नीट बघा, मग पेन्सिल उचला. समोर रडणारं माणूस तुम्हाला दिसलं नाही? की दिसलं, आणि तरी ब्रश खाली ठेवला नाहीत?

त्याहून वाईट म्हणजे चित्र खरंच चांगलं आहे. तेच माफ करता येत नाही.

"उतरवू का गं?" मी आईला विचारलं.

"नगं. त्या दिशी मी रडले हुते, ह्येला तेवढाच पुरावा हाय."

यापुढं कुणी मला या चित्राचा अर्थ विचारला, तर तुमची पढवलेली वाक्यं माझ्या तोंडून निघणार नाहीत. आईला खुर्ची देईन आणि म्हणेन, "यांना विचारा." एवढा शब्द देते.

तुमचीच, इलाज नाही म्हणून,
वैशाली